चाकांवरचे घर, लेखांक ६ : जादा बिछाना कुणासाठी?

मागच्या दोन लेखांकांत छोट्या कॅम्परव्हॅनमधला ओटा आणि पाण्याची सोय पाहिली. आता झोपेकडे वळू. गाडीत दोघेच असतील तोवर झोपेचा प्रश्न फारसा उरत नाही. मागचे बाकडे उलगडले की त्याचा पलंग होतो. पेच पडतो तो मुले सोबत आली की. युरोपात या गाड्यांची परंपरा जुनी आहे आणि तिथे या पेचावर तोडगे विकणारी दुकानेही पुष्कळ. चालकाच्या आसनांवर ताणायची झोळी, उघडत्या छतातला पलंग, आसनांमधली पोकळी भरून काढणाऱ्या गाद्या, गाडीला जोडायचा तंबू, असे सगळे काही मिळते. हे सारे तोडगे ‘मूल मावेल कुठे?’ या एकाच प्रश्नातून निघालेले आहेत. माझ्या मते हा प्रश्न पुरेसा नाही. मूल अडीच हात जागेतही मावते. पण रात्री दोन वाजता त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचेल का, ते झोपेत गडबडून उठले तर कुठे पडेल, आणि दारे बंद असताना त्याला हवा पुरेल का, हे आधी पाहायला हवे. तसे पाहिले तर बहुतेक गाड्यांत व्यवस्था उलटी करावी लागते. गाडीतला मूळचा, खालचा पलंग मुलांना आणि जादा बिछाना मोठ्यांना.

हिशेबासाठी एक नेमकी गाडी समोर ठेवू. फोक्सवॅगनची कॅलिफोर्निया ही या वर्गातली सर्वांत ओळखीची गाडी. २००३ पासून कंपनी ती स्वतःच बांधते. तिच्या पाचव्या-सहाव्या पिढीच्या गाड्या सुमारे ४.९ मीटर लांब, १.९ मीटर रुंद आणि छत मिटलेले असताना दोन मीटरच्या किंचित आत. एका बाजूला सलग ओटा आणि कपाटे असल्यामुळे खालच्या पलंगाला गाडीची पूर्ण रुंदी मिळत नाही. तो साधारण दोन मीटर लांब आणि १.१४ मीटर रुंद होतो. छत वर उचलले की तिथे दोन मीटर बाय १.२ मीटरचा दुसरा पलंग मिळतो. दोन मोठी माणसे खाली झोपली तर प्रत्येकाच्या वाट्याला ५७ सेंटिमीटर येतात, वर झोपली तर ६०. म्हणजे मोठ्यांना वर थोडी अधिकच जागा आहे. मुलांच्या बाजूने पाहा. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या पलंगाची प्रचलित गादी ६० बाय १२० सेंटिमीटरची असते. खालच्या पलंगावर अशा दोन गाद्या जवळजवळ शेजारी-शेजारी बसतात आणि पायथ्याशी ऐंशी सेंटिमीटर मोकळे राहतात. पाच वर्षांचे मूल सरासरी ११० सेंटिमीटर उंच असते आणि दहा वर्षांचे १३८ च्या आसपास. तेव्हा दोन भावंडांना दहा-बारा वर्षांपर्यंत हा पलंग लांबीला कमी पडत नाही.

मग मुलांना वर पाठवण्याची पद्धत कुठून आली? तिचे मूळ जुन्या गाड्यांच्या रचनेत असावे. फोक्सवॅगनच्या पहिल्या पेटीवजा गाडीचे उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले आणि १९५१ मध्येच वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसवता-काढता येणारा कॅम्पिंगचा संच आणला. पुढच्या काळात मुलांसाठी चालकाच्या कक्षात बसणारी झोळी आली. गाडीच्या रुंदीत दोन आडव्या नळ्या, त्यांच्यात ताणलेले जाड कापड, आणि नळ्यांची टोके अडकवायला दाराच्या खांबांवर खाचा. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने डॉर्मोबील गाड्यांना एका बाजूच्या बिजागरीवर उघडणारे छत दिले. त्याच्या आत दोन्ही कडांना अरुंद कापडी बिछाने टांगता येत. या सगळ्या वरच्या जागा नळ्यांच्या नि कापडाच्या, म्हणजे वजनाला बेताच्या आणि कूस बदलायलाही अपुऱ्या. त्या मुलांच्या वाट्याला येणे स्वाभाविक होते. आजच्या उघडत्या छतातल्या पलंगाला मात्र पक्का तळ आणि गादी असते आणि दोन प्रौढांचे वजन धरूनच तो बनवलेला असतो. कारण गेले, वहिवाट तेवढी राहिली.

ही वहिवाट निरुपद्रवी असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. घरगुती दुमजली पलंगांबाबत जगभरचा अनुभव एका मुद्द्यावर एकवटला आहे: सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये. युरोपीय मानक ईएन ७४७ हीच सूचना पलंगावर छापायला लावते आणि अमेरिकेचे २००० पासून लागू असलेले नियमही तेच सांगतात. अमेरिकी नियमांत जमिनीपासून ७६ सेंटिमीटरहून उंच तळ असलेल्या पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडा बंधनकारक आहे. तो गादीच्या वर किमान १२.७ सेंटिमीटर उरला पाहिजे आणि वरच्या पलंगाच्या रचनेत ८.९ सेंटिमीटरहून मोठी फट राहता कामा नये. या शेवटच्या आकड्यामागे दुःखद अपघात आहेत. लहान मुलाचे धड ज्या फटीतून निसटते, तिच्यातून डोके निघत नाही, आणि मूल मानेवर लटकते. हे नियम घरातल्या पलंगांचे आहेत, गाडीला ते कायद्याने लागू होत नाहीत, हे खरे. पण मुलाचे शरीर घरात आणि गाडीत सारखेच असते. छतातला पलंग तळापासून सव्वा मीटरहून उंच असतो, चढण्या-उतरण्यासाठी पुढची बाजू उघडी असते आणि भिंतींच्या जागी कापड असते. छताचे कापड थंडी-पाऊस अडवण्यासाठी असते. अंग टेकण्यासाठीचा कठडा म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. शिवाय वरून उतरणारे मूल अर्धवट झोपेत, अंधारात आणि बहुधा घाईत असते, कारण त्याला शू लागलेली असते.

याला पहिला आक्षेप हौसेचा असतो. मुलांना छतात झोपणे म्हणजे सहलीतली सगळ्यांत मोठी मौज वाटते. ती हिरावून कशाला घ्यायची? दिवसा, छत उघडून, कुणी मोठे माणूस खाली असताना ती मौज पुरेपूर घेता येते. सहा वर्षांवरच्या, स्वतः उतरता येणाऱ्या मुलाला उघड्या बाजूला नीट ताणलेली जाळी लावून रात्रीही वर झोपवता येईल. दुसरा आक्षेप गुडघ्यांचा आणि कंबरेचा. तो पूर्ण मान्य आहे. गरोदर स्त्री, आजी-आजोबा किंवा सांधे धरलेले माणूस वर चढू शकत नाही, आणि अशा वेळी एक मोठे माणूस एका मुलासह खाली आणि दुसरे वर अशी विभागणी उत्तम ठरते. प्रत्येक मजल्यावर एक जागता कान राहतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मुले आठला झोपतात, मोठी माणसे अकराला. खालचा पलंग आठलाच उलगडला की बैठकीची जागा संपते आणि आई-वडिलांना आपल्याच गाडीत बसायला ठाव राहत नाही. पुढची आसने मागे फिरवता येत असतील तर दोन खुर्च्या उरतात, पण पाय आखडूनच बसावे लागते आणि दिवा मंद ठेवावा लागतो. उन्हाळ्यात खुर्च्या बाहेर टाकता येतात, पावसात नाही. या गैरसोयीवर खरा उपाय नाही, ती सुरक्षिततेची किंमत आहे. मूल मोठे होत जाईल तशी ती कमी होते, आणि ते सहा वर्षांचे झाले की हा सौदा नव्याने तपासावा.

ज्या गाडीला उघडते छतच नाही, तिथे पर्याय उरतो तो चालकाच्या कक्षातल्या झोळीचा. तिच्याकडे जुनाट जुगाड म्हणून पाहू नये. ठरावीक वयाच्या मुलासाठी ती चांगली सोय आहे. कक्षाची आतली रुंदी साधारण दीड मीटर असते, म्हणून नऊ-दहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्यात आडवे मावते. खालची मर्यादा उंचीपेक्षा समजुतीवर ठरते. हाका मारल्याशिवाय उतरायचे नाही, हे पाळण्याइतके मूल मोठे असावे. वजनाची मर्यादा बनवणाऱ्याने छापलेली असते, पण ती निजलेल्या शरीराची समजावी, कारण उड्या मारणारे मूल नळ्यांवर आपल्या वजनाच्या कितीतरी पट झटका देते. झोळीचे काही स्वभाव आधी माहीत असलेले बरे. मागच्या पलंगावर माणसे गाडीच्या लांबीत झोपतात, झोळीतले मूल रुंदीत. गाडी डावीकडे कलली तर मोठी माणसे कुशीवर लोटली जातात, पण मुलाचे मात्र डोके पायांपेक्षा खाली जाऊ शकते. म्हणून झोळी वापरायची तर चाकांखाली पाचरी घालून गाडी दोन्ही दिशांनी सपाट करावी लागते, किंवा निदान मुलाची उशी चढाच्या बाजूला ठेवावी लागते. समोरची काच हा गाडीतला सर्वांत मोठा थंड पृष्ठभाग असतो आणि तिच्यावर साचलेले दव थेट अंथरुणावर ओघळते. तेव्हा काचेवर जाड पडदा आवश्यक. झोळी आणि डॅशबोर्ड यांच्यामधली फट गुंडाळलेल्या गोधडीने बुजवू नये, कारण गोधडी सरकते. नळ्या अशा बसाव्यात की फट उरणारच नाही.

झोळीवरचा नेहमीचा आक्षेप असा की मध्यरात्री निघायची वेळ आली तर चालकाची जागाच अडलेली असते. मुद्दा बरोबर आहे, पण तो झोळीपुरता नाही. छत उघडे ठेवूनही गाडी चालवता येत नाही आणि उलगडलेल्या पलंगावर पट्टे न बांधता झोपलेल्या मुलांना घेऊन रस्त्यावर येणे धोक्याचेच. कोणत्याही मांडणीत निघण्यापूर्वी मुले उठवून आसनांवर बसवावीच लागतात. त्यामुळे तयारी वेगळ्या गोष्टीची हवी: झोळी किती वेळात निघते, निघालेल्या नळ्या ठेवायच्या कुठे आणि किल्ली कुणाच्या हाताशी, हे उजेडात एकदा करून पाहावे.

तान्ह्या बाळाला यांतली कुठलीच जागा चालत नाही. बाळासाठी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला पक्का आहे: सपाट, घट्ट पृष्ठभाग, पाठीवर निजवणे, आणि भोवती उशा-रजया नाहीत. प्रवासातल्या कार सीटमध्ये बाळाला रात्रभर झोपू देणेही या सल्ल्यात बसत नाही, कारण अर्धवट बसल्या स्थितीत त्याची मान पुढे झुकून श्वासमार्ग आवळू शकतो. झोळीत अंग मध्यभागी खचते, म्हणून तीही बाद. बाळाची जागा खाली, मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर, स्वतःच्या सपाट प्रवासी पाळण्यात. भारतीय रेल्वेने २०२२ मध्ये लखनौ मेलच्या डब्यात तान्ह्या बाळांसाठी जोड-बर्थ प्रायोगिकपणे बसवला, तोही खालच्या बर्थलाच, आईच्या कुशीला लागून. गाडी रुळांवरची असो की रस्त्यावरची, तर्क तोच आहे.

हवेचा विचार सहसा कुणी करत नाही, कारण ती मोजपट्टीत येत नाही. अशा गाडीच्या आत ढोबळमानाने आठ घनमीटर हवा असते. झोपलेला प्रौढ तासाला बारा-तेरा लिटर कर्बद्विवायू सोडतो, मूल त्याहून कमी. चौघांचा मिळून चाळीस लिटर धरला तर पूर्ण बंद जागेत तासाभरात त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याने वाढते. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्के असते आणि कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी अर्धा टक्का ही कमाल मर्यादा मानली जाते. गाडी पूर्ण हवाबंद नसते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा खाली राहतो. पण दोघांसाठी पुरणारी झरोक्याची सोय चौघांना पुरेलच असे नाही, एवढे यातून दिसते. श्वासातून आणि अंगातून रात्रभरात लिटरभर पाणीही हवेत जाते. गाद्यांखालची बुरशी तिथूनच येते. म्हणून प्रत्येक जादा बिछान्यामागे एक जादा उघडी फट हवी, तीही समोरासमोर. थंडी वाजते म्हणून फटी बुजवून गॅसची शेगडी पेटवणे हा तर जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा, वाहनांसाठीच्या ईएन ५०२९१-२ मानकाचा गजर मुलांच्या पलंगाच्या खर्चात आधी धरावा.

एवढी उठाठेव करण्यापेक्षा मुलांना शेजारी तंबूत झोपवा, असे कुणी म्हणेल. कॅम्पसाइटवर, थोड्या मोठ्या मुलांसाठी तो उत्तम मार्ग आहे. पण वाटेतल्या एका रात्रीच्या थांब्यावर तो लागू पडत नाही. जर्मनीत थकवा घालवण्यापुरते वाहनतळावर गाडीत झोपणे चालते. बाहेर तंबू आणि खुर्च्या मांडल्या की त्याला कॅम्पिंग समजतात आणि तिथे मनाई लागू होते. नेमक्या त्याच रात्री सगळ्यांना आत झोपावे लागते. आणि शेवटी, बिछाने वाढवण्याआधी सीट बेल्ट मोजावेत. कॅलिफोर्नियाच्या ओटा असलेल्या बहुतेक गाड्यांत पट्ट्याची आसने चारच असतात. पाचव्या माणसासाठी झोळी टांगता येईल, पण त्याला तिथवर कायदेशीरपणे नेता येणार नाही.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा. आधी पट्टे, मग हवा, मग खालचा पलंग मुलांच्या नावे, आणि इतके करूनही कुणी उरले तरच झोळी किंवा तंबू. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे आणि आपल्याकडेही या गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. त्या घेताना ‘किती जण झोपू शकतात?’ एवढेच विचारून थांबू नये. वर कोण आणि खाली कोण, हेही ठरवूनच गाडी पसंत करावी. आपल्या हवामानात या गाड्यांना थंडीपेक्षा उकाड्याचा आणि डासांचा सामना अधिक करावा लागतो. पुढच्या लेखांकात त्याच झरोक्यांना जाळ्या आणि पंखे कसे बसवायचे ते पाहू.