तालीम केलेला वेडेपणा

मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर सूटबूट घातलेला एक माणूस बसलाय. ऑफिसातला एक करार चुकीच्या फायलीत गेला, याचा त्याला भयंकर संताप आलाय. कागद अक्षरांच्या क्रमाने लावायचे, त्यात अवघड ते काय? हे पटवून देण्यासाठी तो चक्क ए, बी, सी, डी म्हणायला लागतो. अक्षरागणिक आवाज चढत जातो, हात हवा कापतात, आणि झेडपर्यंत पोचेस्तोवर समोरचा माणूस माणूस राहिलाय की नाही, अशी शंका यायला लागते.

हा निकोलस केज. चित्रपट १९८८चा, ‘व्हॅम्पायर्स किस’. याच चित्रपटात त्याने कॅमेऱ्यासमोर खरंखुरं झुरळ खाल्लं. पटकथेत कच्ची अंडी होती. झुरळाची कल्पना त्याची स्वतःची.

केजचं सर्वोत्तम काम कोणतं, यावर सिनेमावेडे हिरिरीने भांडतात. एका गटाला हा बेभान केज हवा असतो. दुसरा गट म्हणतो, ही नुसती ओव्हरॲक्टिंग. खरा नट ‘लीव्हिंग लास व्हेगस’मधला, ज्याला १९९६ साली ऑस्कर मिळालं. जणू एकाच नावाचे दोन नट आहेत आणि आपण त्यातला एक निवडायचा आहे.

मला मात्र गंमत वाटते ती बेभान केजच्या हिशेबीपणाची. ती बाराखडी उत्स्फूर्त नव्हती. कोणत्या अक्षराला हात कुठे जाणार, हे त्याने नाचाच्या स्टेप्स बसवाव्यात तसं बसवलं होतं. हे त्याच्यात आलं कुठून? त्याचे वडील ऑगस्ट कोपोला साहित्याचे प्राध्यापक. (दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला हे काका. त्यांच्या नावावर काम मिळालं असं कुणी म्हणू नये म्हणून पोराने आडनाव बदललं, आणि ‘केज’ उचललं ते कॉमिक्समधल्या ल्यूक केजवरून.) वडिलांनी त्याला लहानपणीच जुने जर्मन मूकपट दाखवले. मूकपटातल्या नटाला शब्दांचा आधार नसतो. भीती डोळ्यांत आणायची, हाव बोटांत, वेड खांद्यांत. १९२२च्या ‘नोस्फेरातू’मधला ताठ खांद्यांचा, वटारल्या डोळ्यांचा पिशाच्च आठवा आणि मग ‘व्हॅम्पायर्स किस’मधली केजची चाल पाहा. वंशावळ लगेच ध्यानात येते. ‘मूनस्ट्रक’मध्ये तो पाव भाजणारा तरुण झाला होता. पाव कापायच्या यंत्रात हात गमावलेला. तिथे लाकडी हात उंचावण्याची त्याची ढब थेट ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटातली. चित्रकाराने चेहरा वाकडातिकडा काढला तर त्याला कला म्हणतात, मग नटाने खरं दिसण्याचीच सक्ती का मानावी, असा त्याचा एकूण सूर असतो.

म्हणून वाद मिटवायला मी एक साधी कसोटी वापरतो: टीव्हीचा आवाज बंद करायचा.

‘पिग’ (२०२१) लावा. ओरेगॉनच्या जंगलात एकटा राहणारा, एकेकाळचा नावाजलेला शेफ. त्याचं डुक्कर चोरीला गेलंय. तो एका झकपक रेस्टॉरंटमध्ये बसतो, चेहऱ्यावर वाळलेलं रक्त. समोर तिथला शेफ, कधीकाळी याच्याच हाताखाली काम केलेला. तुला तर साधा पब काढायचा होता ना, एवढंच केज त्याला हळू आवाजात विचारत जातो. आवाज बंद असतानाही कळतं, की केज जवळजवळ हलत नाहीये आणि समोरच्याचं हसू मात्र चेहऱ्यावरच विरघळतंय. बाराखडीत हात जितके मोजून उडाले, तितकेच इथे मोजून थांबलेत. ‘लीव्हिंग लास व्हेगस’च्या वेळीही त्याने दारू पिऊन स्वतःचं चित्रीकरण करून घेतलं होतं आणि आपली जीभ कशी अडखळते, ते बघून अभ्यासलं होतं. विद्या तीच, फक्त मात्रा वेगळी.

आणि माझं मत? ‘ॲडाप्टेशन’ (२००२). पटकथाकार चार्ली कॉफमनने स्वतःलाच पात्र केलं आणि सोबत डोनाल्ड नावाचा जुळा भाऊ कल्पून घातला. हा डोनाल्ड प्रत्यक्षात नाहीच, तरी सहलेखक म्हणून त्याचंही नाव ऑस्करच्या नामांकनात गेलं! दोघेही केजच. तेच विरळ कुरळे केस, तेच सुटलेलं पोट. आवाज बंद करून बघा. एक जण जागा व्यापल्याबद्दल माफी मागितल्यासारखा उभा राहतो, मान खांद्यांत ओढून. दुसरा जमिनीवर खुशाल पसरतो आणि जग आपल्यावर खूश आहे असं समजून छताकडे बघतो. कोण चार्ली आणि कोण डोनाल्ड, हे तोंड उघडण्याआधीच कळतं.

मग पुन्हा ती बाराखडी लावा, तीही आवाज बंद करून. ओव्हरॲक्टिंग गायब होते. उरतो शंभर वर्षांपूर्वीचा एक मूकपट, चुकून रंगीत झालेला.