वंशावळीत नसलेली माणसे

श्रावणाची झड लागली, अंगणात पाणी साचले आणि घराबाहेर पडण्यास काही निमित्त उरले नाही, म्हणजे माणसाच्या हातून दोन गोष्टी सहज घडतात. एक तर तो फडताळातील एखादी जुनी कादंबरी काढून बसतो, नाही तर माळ्यावरचा एखादा पेटारा खाली उतरवितो. यंदाच्या श्रावणात आमच्याकडून या दोन्ही गोष्टी घडल्या. राजकारणाच्या धकाधकीतून आज थोडी सवड काढून आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. विषय घरगुती आहे. परंतु गोमंतकातील बहुतेक जुन्या घरांत असा एखादा पेटारा अजून असेल, आणि तो उघडण्याची वेळ निघून चालली आहे, म्हणूनच तो येथे काढावासा वाटला.

आमच्या लहानपणी पोथीला पाट आणि कादंबरीला उशीखालची जागा, अशी विभागणी होती. पोथी मोठ्याने वाचावयाची, कादंबरी मनात. वडीलधाऱ्यांच्या लेखी कादंबरी वाचणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होता. मुलींच्या हातात ती दिसली तर नुसता शब्दांचा मारच नव्हे, पुस्तकही जप्त होत असे. तरीही कादंबऱ्या घरात येत. मुंबईस नोकरीला असलेला कोणी काका मे महिन्यात गावी येई, तेव्हा त्याच्या ट्रंकेच्या तळाशी दोनचार पुस्तके असावयाची. ती हातोहाती साऱ्या वाड्यावर फिरत आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांची बांधणी सुटून जाई. वरून नळ्यांवर पडणारा पाऊस, स्वयंपाकघरातून येणारा हळदीच्या पानांत उकडणाऱ्या पातोळ्यांचा वास आणि पोटाशी धरलेले पुस्तक! याहून अधिक सुख पुढे आयुष्यात आम्हांस फारसे लाभले असे म्हणवत नाही. आणि त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागला नव्हता.

अशाच एका ट्रंकेतून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी आमच्या घरी आली. मराठी कादंबरीने आरंभापासूनच स्त्रीच्या दुःखाची बाजू घेतली, हा तिचा मोठेपणा आहे. बेळगावी जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिले, ते हिंदू विधवांच्या स्थितीवर. हरिभाऊंनी 1890 साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातून यमूची कहाणी क्रमशः दिली. तीत यमू आपले आयुष्य आपल्याच तोंडाने सांगते. पुण्याच्या एका ब्राह्मण घरातील ती मुलगी, तिचे बोलणे साधे, त्यात अलंकार नाहीत, आणि म्हणूनच ते वाचताना कोणी शेजारी बसून सांगत आहे असे वाटते.

आमच्या आजीची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. दुपारची जेवणे आटोपली की माजघरात ती वाती वळीत बसे आणि आम्ही तिला वाचून दाखवीत असू. त्या वेळी आमचे वय दहाबारा वर्षांचे असेल. पोर्तुगीज अमदानीची ती शेवटची वर्षे होती. घरातील पुरुषमाणसे वामकुक्षी करीत, तोवर यमूचे एकेक प्रकरण पुढे सरकत होते. आजी मधून मधून हसे, मधून मधून एखाद्या सासूला शिव्या देई. वाचता वाचता तो प्रसंग आला. यमूच्या नवऱ्याचा मृत्यू झाला आहे आणि सासरची मंडळी तिचे केशवपन करविण्यासाठी उठली आहेत. आम्ही पोरवयाच्या उत्साहाने वाचीत होतो. आजीने हातातील वात खाली ठेवली. "पुरे बाबा आजचे," एवढेच ती म्हणाली आणि उठून मागच्या पडवीत गेली. दुसऱ्या दिवशी तिने पुढचे वाचावयास सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आजी दमली असेल, असे आम्हांस वाटले. पुढे आम्ही ते पुस्तक एकटेच वाचून संपविले.

या गोष्टीला आता साठांहून अधिक वर्षे झाली. यंदा घराच्या वाटण्या झाल्या आणि माळ्यावरचे दोन पेटारे आमच्या वाट्यास आले. इतरांस त्यांची अडचण होत होती, म्हणूनच ते आले, हे सांगावयास हरकत नाही. एकात वाळवीने आपले काम पुरे केले होते. दुसरा फणसाच्या लाकडाचा, त्यामुळे बराचसा तगला होता.

पेटाऱ्यात काय असावे? गोमंतकीय हिंदूचा घराण्याचा इतिहास म्हणजे बहुधा स्थलांतराची कथा. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन आले. त्याच्या आगेमागे साष्टी, बारदेश आणि तिसवाडीतील देवळे पडली, देव नदीपार गेले आणि देवांमागून माणसे गेली. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. आमचे मूळ केळोशीचे, एवढे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो. परंतु कोण आले, किती जण आले, मागे कोण राहिले, वाटेत कोण दगावले, यांतील एक अक्षरही आमच्याजवळ नाही. त्या काळाची भीती आम्हांस प्रथम खरी वाटली ती महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' ही मराठी कादंबरी वाचली तेव्हा. इतिहासग्रंथांतून आम्हांस सनावळी मिळाली होती. रात्री नदी ओलांडणाऱ्या माणसाच्या छातीतील धडधड कादंबरीने ऐकविली.

पेटाऱ्यातून मात्र निघाले ते नेहमीचेच. घराण्याची वंशावळ, पणजोबांच्या मृत्यूनंतर झालेल्या इन्व्हेंतारची नक्कल, देवस्थानच्या महाजनकीसंबंधी काही कागद आणि मोडी लिपीतील चार हिशेबवह्या. आमच्याकडील कागदपत्रांविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ती सारी मिळकतीच्या आणि मानाच्या रक्षणासाठी जन्मास आली. वंशावळ लिहिली ती हक्क शाबीत करण्यासाठी. इन्व्हेंतार झाला तो वाटण्यांसाठी. 1933 च्या माझानी कायद्याखाली महाजनांच्या याद्या झाल्या त्या देवळाच्या कारभारासाठी. त्यामुळे ज्याला हक्क नाही, वाटा नाही, मान नाही, त्याचे नाव या कागदांत येण्याचे कारणच नव्हते. आमच्या वंशावळीत नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत. स्त्री एकही नाही. नऊ पिढ्यांच्या या माणसांना जणू कोणा मातेने जन्मच दिला नाही! आजोबांच्या वडीलभावाच्या नावाखाली रेघ थांबते आणि 'अनपत्य' हा एक शब्द येतो.

हिशेबवह्यांचा आम्हांस उलगडा होईना. मोडी आमच्या वडिलांना येत होती, आम्हांस नाही. अखेर शेजारच्या तालुक्यातील एका निवृत्त, वयोवृद्ध शिक्षकांकडे आम्ही त्या वह्या घेऊन गेलो. त्यांनी दोन दिवस खपून त्या वाचून दाखविल्या. भात किती खंडी आले, नारळ कोणत्या दराने गेले, पुरुमेंतासाठी मिरची, मीठ आणि सुके मासळे किती भरले, भटास दक्षिणा काय दिली, हेच सारे. वाचता वाचता गुरुजी एका ठिकाणी थांबले. ज्या महिन्यात आजोबांचे वडीलभाऊ वारले त्याच महिन्यातील, एकाखाली एक अशा दोन नोंदी होत्या. पहिली न्हाव्यास दिलेल्या पैशांची. दुसरी, 'थोरल्या सुनेस अलवण एक'.

अलवण म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. आम्हांस एकाएकी आजीचा तो खाली ठेवलेला हात आठवला.

म्हणजे आजीला एक थोरली जाऊ होती. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती जाऊ तांबडे लुगडे नेसून याच माजघरात वावरत होती. आजीने तिच्याबरोबर पाणी भरले, तिच्या शेजारी पाने मांडली असतील. आजी जिच्याविषयी कधी बोलली नाही, तिची कथा आम्ही आजीलाच, यमूच्या नावाने, मोठ्याने वाचून दाखवीत होतो! जे आम्हांस पुस्तक वाटत होते ते तिला घर वाटत होते.

पुढच्या वह्यांत अक्षर बदलते. पणजोबा गेले आणि आजोबा लिहू लागले. त्या वह्यांत दरवर्षी माघातील कवळ्याच्या जत्रेच्या हिशेबात एक लहानशी नोंद आहे: 'वहिनीस खाजे'. रक्कम अगदी किरकोळ. जत्रेत मिळणारे ते गुळाचे, आल्याच्या चवीचे खाजे आजोबा आपल्या विधवा भावजयीसाठी आठवणीने घेऊन येत आणि हिशेबी माणसाच्या सवयीने ते वहीतही मांडीत. सगळ्या घरासाठी खाजे येतच असणार. पण तिचे वेगळे लिहिलेले आहे. ओळीने अनेक वर्षे ही नोंद येते. मग एका वर्षी जत्रेचा सारा हिशेब आहे, तेल आहे, फुले आहेत, गाडीभाडे आहे, आणि ती नोंद नाही. त्यानंतर ती कधीच नाही. वहिनी कधी वारली हे आम्हांस असे कळले.

तिचे नाव काय होते? माहेर कुठले? किती वर्षांची असताना तिच्यावर तो प्रसंग आला? आम्ही इन्व्हेंतार पुन्हा काढून पाहिला. त्यात तांब्याची घंगाळी आहेत, समया आहेत, माडांची मोजदाद आहे, गोठ्यातील जनावरे आहेत. ती नाही. हिशेबवहीतही 'थोरली सून' आणि 'वहिनी' या दोन शब्दांपलीकडे ती जात नाही. तिचे नाव निश्चितपणे ठाऊक असलेले एक माणूस आमच्या लहानपणी दररोज दुपारी आमच्यासमोर बसत होते. "का गे आजी, काय झाले?" एवढा एकच प्रश्न विचारावयाचा होता. तो राहून गेला.

काही वाचक म्हणतील, जुन्या जखमा उकरून काय साधावयाचे? घराण्याची अब्रू झाकलेलीच बरी. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. जी माणसे गेली त्यांना न्यायासनासमोर उभे करण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्या पणजोबांनी अलवणाचा खर्च लिहिला त्यांनी तो निर्दयपणे लिहिला की अश्रू गाळीत लिहिला, हे वही सांगत नाही. रूढी माणसाच्या हातून काय करवून घेते, हे मात्र ती सांगते. आणि ज्या वहीत न्हाव्याचे पैसे आहेत त्याच घराण्याच्या वहीत खाजेही आहे, हेही विसरता येत नाही. कूळकथा म्हणजे केवळ पराक्रमाची बखर, ही समजूत आपण सोडली पाहिजे. कोणाच्या पूर्वजाला कोणत्या गावाची सनद मिळाली, हे समारंभातून ऐकून आपले कान किटले आहेत. आपल्या घरात कोणाला काय सोसावे लागले आणि त्यातही कोणाला कशाने बरे वाटत असे, हे ज्या कुटुंबास माहीत नाही त्याने नऊ पिढ्या पाठ म्हणून दाखविल्या तरी त्याला आपला इतिहास ठाऊक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

कादंबरीचे महत्त्व आम्हांस येथे जाणवते. ती आपल्याला दुसऱ्यांच्या घरात नेते आणि तेथे काय पाहावे हे शिकविते. यमू भेटली नसती तर वहीतील त्या दोन नोंदी नारळाच्या दरासारख्याच आमच्या कानांवरून गेल्या असत्या. म्हणून मुलांच्या हातात कादंबरी दिसली तर ती हिसकावून घेऊ नका, असे आम्ही पालकांस सांगतो. हल्ली तर ती दिसणेच दुर्मिळ झाले आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय 1832 साली स्थापन झाले, आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने उभे आहे. गावोगावच्या वाचनालयांतूनही पुस्तके आहेत. उणीव आहे ती दुपारी शेजारी बसून वाचणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची.

आणि दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. जुनी घरे झपाट्याने विकली जात आहेत. वाटण्यांत भांडी तोलून घेतली जातात, कागद मात्र होळीत जातात. मोडी वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कागद तरी सुरक्षित ठेवता येतील, त्यांची छायाचित्रे काढता येतील. पण घरातील म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणाची नक्कल कुठल्याही दप्तरात नसते. सणाच्या निमित्ताने सारे कुटुंब गावी जमते. पातोळ्या खाऊन झाल्या की एखादी वही घेऊन आजीजवळ बसावे. प्रश्न मोठे नकोत. तुझे माहेरचे नाव काय, तुझ्या जावा कोण, तू या घरात आलीस तेव्हा येथे कोण कोण होते, तुला काय खावयास आवडत असे, एवढे विचारले तरी पुरे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. ती मध्येच थांबली तर घाई करू नये. पण ती का थांबली हे विचारावयास विसरू नये.

आम्ही आमच्या वंशावळीची नवी प्रत केली आहे. तीत प्रत्येक पिढीतील स्त्रियांची जेवढी नावे मिळाली तेवढी घातली. आईकडच्या नात्यातील वृद्ध स्त्रियांकडून काही अनपेक्षितपणे हाती लागली. आजोबांच्या वडीलभावाच्या नावाशेजारी मात्र आम्ही 'वहिनी' एवढाच शब्द लिहिला आहे, आणि त्यापुढे थोडी जागा मोकळी सोडली आहे.