वजन तेच, पण शरीर तेच नव्हे

पिंपळगाव बसवंतच्या माझ्या दवाखान्यात एक आजी गेली अनेक वर्षे मधुमेहाच्या तपासणीसाठी येत आहेत. दर खेपेस त्या वजनकाट्यावर उभ्या राहत, काटा चौपन्न किलोच्या आसपास थांबे आणि मी केसपेपरवर ‘वजन स्थिर’ असे लिहीत असे. त्यांचेही समाधान होई, माझेही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास घराच्या ओट्यावरून एक पायरी उतरताना त्या पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. एवढ्या साध्या पडण्याने बळकट हाड सहसा मोडत नाही. सोबत आलेल्या सुनेने तेव्हा बोलता बोलता सांगितले, “मॅडम, आईंच्या ब्लाउजच्या बाह्या मी दोनदा आत घेतल्या, पण परकराची नाडी मात्र आता पुरत नाही.”

माझ्या काट्याला जे दिसले नाही, ते त्या सुनेच्या सुईदोऱ्याला दिसले होते. दंडाचे आणि मांडीचे स्नायू झिजत होते, हाडे विरळ होत होती आणि पोटातील चरबी वाढत होती. वजाबाकी आणि बेरीज एकमेकींना भरून काढत होत्या. म्हणून आकडा हलत नव्हता. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी का घडतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांना हाड म्हणजे द्राक्षबागेतल्या मांडवाचा लोखंडी अँगल वाटतो. वेल जिवंत, अँगल निर्जीव. त्याचे काम केवळ भार पेलण्याचे. वैद्यकीय महाविद्यालयात मीही जवळजवळ असेच शिकले. प्रत्यक्षात हाड सतत झिजत आणि पुन्हा बांधले जात असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. शिवाय हाडातील पेशी रक्तात संप्रेरके सोडतात. थायरॉईडची ग्रंथी जसे दूरच्या अवयवांना निरोप धाडते, तसेच थोडेबहुत हाडही करते. मूत्रपिंडाने किती फॉस्फरस बाहेर टाकावा, याचा निरोप हाडातून जातो, हे आता सर्वमान्य आहे.

चरबी आणि स्नायू यांच्याशी हाडाचे जे बोलणे चालते, त्याची कथा अधिक रंजक आहे, पण तितकी पक्की नाही. 2007 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेरार्ड कार्सेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्टिओकॅल्सिन या हाडात तयार होणाऱ्या प्रथिनाविषयी एक निष्कर्ष मांडला. हे प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, त्यांची चरबी वाढली आणि इन्सुलिन कमी पडू लागले. 2016 मध्ये त्याच गटाने दाखविले की, म्हाताऱ्या उंदरांना ऑस्टिओकॅल्सिन दिले असता ते तरुण उंदरांइतके धावू लागतात. वृत्तपत्रांना असा विषय आवडतो. मात्र 2020 मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ऑस्टिओकॅल्सिनरहित उंदीर तयार केले, तेव्हा त्यांची रक्तशर्करा जवळपास नेहमीसारखीच आढळली. एका प्रयोगात स्नायूही कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून उद्या कोणी आपल्याला ‘हाडांच्या संप्रेरकाची’ महागडी तपासणी किंवा कॅप्सूल सुचविली, तर ते पैसे दूध, डाळ आणि अंडी यांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या बाबतीत फारसा वाद नाही, त्या अशा. हाडाच्या पोकळीतील मज्जेत काही मूलपेशी असतात. त्यांतून हाड बांधणाऱ्या पेशीही निपजतात आणि चरबीच्या पेशीही. वय वाढले, हालचाल घटली, रजोनिवृत्ती आली की त्यांचा कल चरबीकडे झुकतो आणि हाडाच्या आतच मेद साठू लागतो. दुसरी गोष्ट स्क्लेरोस्टिनची. हाडाच्या आत खोलवर रुतून बसलेल्या पेशी हा पदार्थ तयार करतात आणि तो नवे हाड बांधण्याचे काम थांबवतो. हाडावर भार पडला, स्नायूने त्याला ओढले, की स्क्लेरोस्टिन कमी होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसात ते वाढते. म्हणजे बांधकाम चालू ठेवावे की बंद करावे, हे हाड बऱ्याच अंशी स्नायूच्या ओढीवरून ठरवते. स्नायू थकला की हाडाला काम मिळत नाही. रक्तातील साखर शोषून घेणारा सर्वांत मोठा अवयवही स्नायूच. तो आटला की साखर वाढते आणि पोटाचा घेरही वाढू लागतो.

हा प्रश्न आपल्या लोकांत विशेष ठळक का आहे, याचे उत्तर आपल्याच पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3, म्हणजे अगदी आदर्श. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तिकडच्यांचे 3.5 किलो. वजनातील हा फरक प्रामुख्याने स्नायू आणि पोटातील अवयवांत होता. त्वचेखालची चरबी मात्र आपल्या बाळांनी बऱ्यापैकी राखली होती. आपण आयुष्याची सुरुवातच स्नायूंच्या तुटपुंज्या शिलकीवर करतो. साठीनंतर त्या शिलकीतून खर्च सुरू झाला की ती लवकर संपते. मधुमेह असल्यास आणखी एक भर पडते: हाडाची घनता तपासणीत ठीक दिसूनही ते ठिसूळ असू शकते.

आता घरातील वागणुकीविषयी थोडे परखडपणे लिहिते. आपल्याकडे प्रेम म्हणजे वडीलधाऱ्यांना बसवून ठेवणे. “तुम्ही बसा आई, मी करते,” असे म्हणत पाण्याचा तांब्याही हातात दिला जातो. याच आजी पूर्वी द्राक्षांच्या हंगामात बागेत उभ्या राहून घड काढायच्या. मुलाने ते काम बंद केले, मग धुणे बंद झाले, मग जिना. कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु त्यांच्या हाडांना दिवसभर एकच निरोप मिळत होता, की आता तुमची गरज उरली नाही.

घरीच एक चाचणी करून पाहा. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर आजी-आजोबांना बसवा. हात छातीशी घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायचे आणि बसायचे. शेजारी कोणीतरी आधाराला उभे असावे. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर मांड्यांचे बळ घटले आहे असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. कमरेचा घेरही टेपने मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आमच्या आजींना पहिल्यांदा चोवीस सेकंद लागले होते.

त्यांना मी वजन कमी करायला सांगितले नाही. उतारवयात नुसते जेवण तोडले तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जाते. खुर्चीवरून उठणे-बसणे हाच त्यांचा व्यायाम ठरला: सकाळ-संध्याकाळ दहा वेळा, ओट्याचा कठडा धरून टाचा उचलणे आणि मनगट पूर्ण बरे झाल्यावर अर्ध्या लिटर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन दंड वाकवणे. जेवणात त्यांची सवय चहा-पोळीची. त्यात मठ, मूग, दही आणि शेंगदाणे आले. वृद्धांनी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिने घ्यावीत; मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ड जीवनसत्त्व तपासले, ते कमी होते, त्यावर उपचार केले. घनता तपासून हाडांचे औषधही सुरू केले. व्यायाम हा त्याला पर्याय नाही. सहा महिन्यांनी त्या सतरा सेकंदांत पाच वेळा उठल्या. वजन चौपन्नच होते, कमरेचा घेर चार सेंटिमीटरने उतरला होता.

एक गोष्ट त्यांनी फार उशिरा सांगितली. गुडघेदुखीसाठी त्या कधीमधी कोणाकडून तरी बिननावाच्या पुड्या आणत. घेतल्या की दोन तासांत दुखणे पळायचे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. ते हाडाचे बांधकाम रोखते, मांड्यांचे स्नायू खाते आणि चरबी पोटावर व चेहऱ्यावर आणून ठेवते. तिन्ही बाजूंनी नुकसान. आपल्या घरी अशा पुड्या किंवा गोळ्या असतील तर त्या घेऊन दवाखान्यात या. अनेक महिने घेतल्या असतील तर मनाने एकदम बंद करू नका, कारण शरीर स्वतःचे स्टेरॉईड बनवणे विसरलेले असते आणि अचानक रक्तदाब घसरू शकतो. त्या हळूहळू कशा कमी करायच्या, ते डॉक्टर लिहून देतील.