कात्री धरणाऱ्या हाताला परवाना कोणाचा?

मुलुंडच्या एका भगिनीचा मध्यंतरी आम्हाला फोन आला. "जयभीम सर," म्हणाल्या, "ब्युटी पार्लर काढायचं तर लायसन लागतं का हो? क्लासच्या मॅडम म्हणतात, आमचा डिप्लोमा नसेल तर मुनशिपाल्टीवाले येऊन टाळं ठोकतील." मॅडमच्या डिप्लोम्याची फी किती, असे आम्ही विचारले. पंच्याऐंशी हजार! नवरा रिक्षा चालवतो, बाई दोन घरी पोळ्या करतात, शिवाय चाळीतल्या पोरीबाळींच्या भुवया दोऱ्याने कोरून देतात. गळ्यातले मोडून हे पैसे भरायची त्यांची तयारी झालेली होती. पावती फाडायच्या आधी त्यांना एकदा विचारावेसे वाटले, एवढेच काय ते नशीब.

घाटकोपरच्या रमाबाई नगरापासून अंधेरीच्या मरोळपर्यंत आणि बोरिवलीच्या चाळींपासून मुलुंडच्या वस्त्यांपर्यंत हाच प्रश्न आमच्या लेकीबाळींना पडतो आणि त्याचे उत्तर त्यांना क्लासवाल्यांकडूनच मिळते. दुकानदाराला मालाचा भाव विचारावा तसा हा प्रकार आहे. म्हणून आज या जागेवर मोठमोठ्या राजकीय गप्पा न मारता आम्ही या एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवणार आहोत.

सरळ उत्तर असे की, आपल्या देशात केस कापणाऱ्या, फेशियल करणाऱ्या किंवा नवरी सजवणाऱ्या हाताला सरकारी परवाना लागत नाही. डॉक्टरला लागतो, वकिलाला सनद लागते, रिक्षावाल्याला बॅज लागतो, पण ब्युटीशियनला असा कोणताही वैयक्तिक परवाना कायद्याने सांगितलेला नाही. अमेरिकेत तो आहे. तिथे राज्याने ठरवलेले तास शिकून, परीक्षा देऊन परवाना घेतल्याशिवाय पैसे घेऊन कुणाच्या केसाला कात्री लावता येत नाही. कॅलिफोर्निया राज्यात या शिक्षणाला १६०० तास लागत, ते २०२२ पासून १००० वर आणले गेले. आपल्याकडचे क्लासवाले तिकडच्या या व्यवस्थेचे नुसते शब्द उचलतात. 'लायसन', 'इंटरनॅशनल', 'गव्हर्न्मेंट ॲप्रूव्हड' असे शब्द पत्रकावर सोनेरी अक्षरांत छापले की गरिबाच्या पोरीच्या छातीत धडकी भरते आणि तिच्या बापाच्या खिशातून पैसे निघतात.

परवाना लागतो तो जागेला. दुकान मांडले की दुकाने व आस्थापनांचा कायदा येतो, ज्याला मुंबईत सगळे 'गुमास्ता' म्हणतात. १९४८ चा जुना कायदा जाऊन २०१७ चा नवा आला, आणि दोन-चार बायकांच्या लहान पार्लरला आता नोंदणी प्रमाणपत्राचे सोपस्कार न करता धंदा सुरू केल्याची सूचना ऑनलाईन देऊन पावती घेतली की भागते. दुसरा भाग महापालिकेचा. पालिकेच्या १८८८ च्या कायद्यातले ३९४ कलम ठराविक धंद्यांना परवाना घ्यायला लावते. आपल्या जागेला, आपल्या कामाला तो लागतो का, हे आपल्या वॉर्ड ऑफिसात लेखी विचारावे. अंधेरी पश्चिमेला के/पश्चिम, पूर्वेला के/पूर्व, बोरिवलीला आर/मध्य, घाटकोपरला एन आणि मुलुंडला टी वॉर्ड. तोंडी विचारू नका, अर्जाची पोच घ्या. पोच हातात असली की टेबलापलीकडच्या माणसाचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाईन आणि फुकट आहे; तिच्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो स्वतःचे पोट भरतो आहे. जीएसटीची चिंता वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेल्यावर करावी. तोवर आनंदी रहावे.

यात डिप्लोमा कुठे आला? कुठेच नाही!

मग शिकूच नये काय? असा उलटा अर्थ कुणी काढू नये. ब्लीचचे प्रमाण चुकले तर समोरच्या बाईचा चेहरा भाजतो. केसांचा रंग लावण्याआधी कानामागे थोडा लावून वाट पहायची असते, ब्लेड एकाला वापरले की टाकायचे असते, वॅक्सचे भांडे किती तापले ते आधी आपल्या मनगटावर बघायचे असते. हे कुणी शिकवल्याशिवाय कळत नाही आणि चुकीची भरपाई पैशाने होत नाही. आणखी एक मर्यादा पक्की ध्यानात ठेवावी. सुई टोचून चेहरा भरणे, सुरकुत्या घालवण्याची इंजेक्शने देणे, केसांचे रोपण करणे हे डॉक्टरचे काम आहे. पार्लरमध्ये बसून ते केले तर तो गुन्हा ठरतो, मग भिंतीवर कितीही सर्टिफिकेटे टांगलेली असोत.

शिकायचे कुठे, यावर आमचे मत ठाम आहे. पहिले दार सरकारी आयटीआयचे. तिथे कॉस्मेटॉलॉजी नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. अट दहावी पास. वय चौदा पूर्ण असले की पुरे, वरची मर्यादा नाही, म्हणजे दोन लेकरांची आईसुद्धा बसू शकते. शेवटी देशपातळीवरची परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, जे देशात कुठेही दाखवता येते. मुलुंड, अंधेरी, बोरिवली या तिन्ही ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत. हा ट्रेड यंदा कोणत्या संस्थेत आहे आणि किती जागा आहेत, ते व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश पुस्तिकेत बघून पसंतीक्रम भरावा. मुंबईत लोकल आहे, दोन स्टेशने पलीकडे जायला लाजू नये. फी खाजगी क्लासच्या मानाने नगण्य. शिवाय प्रवेशात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के जागा आहेत. बौद्ध म्हणून दाखल्याचे काय, असे अजूनही आम्हाला विचारले जाते. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. दाखला आणि जातवैधता वेळेवर काढून ठेवा. जूनमध्ये प्रवेश आणि जूनमध्येच दाखल्याची धावपळ, ही आपली जुनी खोड आहे.

या जागांकडे आमची पोरे फिटर-इलेक्ट्रिशियनसाठी धावतात, पण पोरींना या ट्रेडची खबर नसते. बाप म्हणतो, पार्लरचे काम शिकायला सरकारी शाळा असते होय? असते. आणि ती ज्यांच्यासाठी आहे ते दहा पट पैसे मोजून बाहेरच्या क्लासच्या रांगेत उभे असतात.

दहावी नसेल तर? त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान आहे. याचे मूळ आपल्या मुंबईतच. कामगारांच्या शिक्षणासाठी १९६७ साली देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ इथे निघाले, त्याच कल्पनेला २००० साली जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. शाळा अर्ध्यात सुटलेल्या, जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या बायाबापड्यांसाठीच ती व्यवस्था आहे. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतले थोड्या मुदतीचे मोफत वर्गही निघाले. त्यांचा दर्जा केंद्रागणिक वेगळा. पैसे भरायचे नसले तरी वेळ आपलाच जातो, म्हणून नाव घालण्याआधी चार दिवस वर्गात बसून बघावे. याच योजनेत एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पूर्वीपासून काम येत असेल तर त्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायचे, अशी तिच्यात सोय ठेवलेली आहे. चाळीतल्या भुवया कोरणाऱ्या बाईचा हात कुणीतरी एकदा तपासावा आणि हिला येते असे कागदावर लिहून द्यावे.

इथे आम्हाला सातारा आठवतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात आपल्या लहानपणची हकिकत सांगितली आहे. साताऱ्यात न्हावी होते, घरात त्याला द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला कोणी न्हावी हात लावत नव्हता. म्हणून भीमरावाचे आणि भावंडांचे केस थोरली बहीण कापायची आणि कापून कापून ती त्यात चांगली तरबेज झाली होती. त्या बहिणीला कुठला डिप्लोमा होता? तिची विद्या मजबुरीतून आली होती आणि तिची कात्री घराच्या उंबऱ्याबाहेर चालणार नव्हती. आज त्याच समाजाची लेक घाटकोपरच्या पार्लरमध्ये शेटाणीच्या मानेवरून हात फिरवते, लोखंडवालाच्या फ्लॅटमध्ये जाऊन नवरीच्या कपाळावर चंद्रकोर रेखते. बदल झाला नाही असे कोण म्हणेल? पण त्याच फ्लॅटमध्ये काम संपल्यावर "आडनाव काय गं तुझं?" असा प्रश्नही येतो आणि उत्तर ऐकून पुढच्या वेळी दुसरी मुलगी पाठवायला सांगितले जाते, हे आम्हाला या पोरींनीच सांगितले आहे. आडनाव विचारणाऱ्या बाईला तुमचे प्रमाणपत्र वाचायचे नसते. पण पार्लरच्या मालकाकडे पगाराची बोली करताना, बँकेत कर्ज मागताना तो कागद उपयोगी पडतो, म्हणून तो सरकारी आणि स्वस्तात मिळवलेला असावा.

नुसत्या कागदाने दार उघडत नाही, याचा दाखला आपल्याच उपनगरात घडला. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत काम करायचे तर मेकअप आणि केशभूषा करणाऱ्यांच्या संघटनेचे कार्ड लागायचे. सरकारने न मागितलेला परवाना संघटना मागत होती! आणि तिच्या नियमात मेकअप आर्टिस्टचे कार्ड पुरुषालाच होते. बाईला हेअरड्रेसर म्हणून तेवढे घेत. चारू खुराना या कॅलिफोर्नियात मेकअपचे शिक्षण घेऊन आल्या, तरी त्यांना कार्ड नाकारले गेले. त्या आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांनी निकाल दिला की, बाई आहे म्हणून मेकअपचे काम नाकारणारा नियम घटनेत बसत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याची अटही त्यांनी रद्द केली. बायकांना मेकअप करू दिला तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, हे कारण टिकले नाही. पन्नासहून अधिक वर्षे चाललेला रिवाज घटनेच्या चौदाव्या, पंधराव्या आणि एकविसाव्या कलमांपुढे पडला. ही कलमे कोणाच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीतून आली, ते या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको.

त्यामुळे, ब्युटीशियनलाही सक्तीचे लायसन करा, म्हणजे धंद्याला शिस्त लागेल, असे कुणी म्हणाले की आम्ही सावध होतो. दहावीची अट घातली की सातवी पास झालेली बाई बाहेर, फी घातली की गरीब बाहेर, आणि शिक्का मारायचा अधिकार कुणा संघटनेकडे गेला तर काय होते ते आपण पाहिले आहे. स्वच्छतेची तपासणी कडक करा, चेहरा भाजला तर भरपाई द्यायला लावा. त्याला आमची ना नाही.

राहिले भांडवल. २०२३ साली केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना काढली. त्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिक आहेत, ब्युटीशियन असे नाव स्वतंत्र नाही. बापाच्या व्यवसायावरून मुलाचा व्यवसाय ओळखण्याची सवय सरकारचीही सुटत नाही, असे म्हणून आम्ही पुढे जातो. आपल्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीज भांडवल योजनेची मांडणी साधी आहे : ७५ टक्के बँक, २० टक्के महामंडळ चार टक्के व्याजाने, ५ टक्के आपले. खुर्ची, आरसा, स्टीमर, ट्रॉली, गाळ्याचे डिपॉझिट धरून दोन लाखांचा प्रकल्प केला तर दीड लाख बँकेचे, चाळीस हजार महामंडळाचे आणि आपले दहा हजार. बँकेचा साहेब चार खेटे घालायला लावील, हे गृहीत धरूनच निघावे. पण हिशेब बघा. ज्या बाईला स्वतःच्या पार्लरसाठी पदरचे दहा हजार लागतात, ती एका कागदासाठी पंच्याऐंशी हजार मोजायला निघाली होती.

हे सगळे आम्ही मुलुंडच्या त्या भगिनींना फोनवर सांगितले. त्या नववीतून सुटलेल्या. आयटीआयला दहावी लागते म्हटल्यावर जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मग आधी दहावीच करते की." शाळेत जाऊन सतरा नंबर फॉर्मची चौकशी करून आल्या, फोटो आणि जुना शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवला आहे. गळ्यातले गळ्यात आहे. क्लासच्या मॅडमचा मात्र अजून दिवसाआड फोन येतो, येत्या रविवारच्या आत भरले तर दहा टक्के सूट.