मधोमध ठेवलं तर बिघडतं का?

पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर कॅमेऱ्यांची गर्दी असते. 1999 पासून निघणाऱ्या इथल्या नववर्ष स्वागतयात्रेचे फोटो दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि त्यांच्यासोबत फोटोच्या रचनेविषयीचं ऐकीव ज्ञानही. त्यातलं बरंचसं तपासून घ्यावं असं आहे.

‘विषय मधोमध आला की फोटो गेला.’
चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि रेघा छेदतात तिथे विषय ठेवा, हा तो प्रसिद्ध एक-तृतीयांशाचा नियम. त्याला हे नाव दिलं जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, 1797 मध्ये, निसर्गचित्रांबद्दल लिहिताना. कॅमेरा तेव्हा जन्मायचाच होता. सगळं मधोमध कोंबायची नवशिक्याची सवय मोडायला हा नियम बरा, पण तो कायदा नव्हे. ठाण्याच्या मासुंदा तलावात पहाटे पाणी स्थिर असतं, तेव्हा काठावरचे दिवे आणि त्यांचं प्रतिबिंब दोन्ही हवं असेल, तर पाण्याची कड मधोमधच शोभते. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराचं कोरीव दार कोपऱ्यात ढकलून तरी काय साधणार?

हा नियम म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, असंही सांगतात. तेही नाही. सुवर्ण गुणोत्तराची रेघ चौकटीच्या 61.8 टक्क्यांवर पडते, तृतीयांशाची 66.7 टक्क्यांवर. आणि काढून झालेल्या फोटोवर या गुणोत्तराची म्हणून दाखवतात ती शंखासारखी गोल नक्षी चिकटवायची म्हटली, तर ती जवळपास कशावरही बसवता येते.

‘टेली लेन्स मागचं जवळ ओढते.’
हा समज मुरलेल्या फोटोग्राफरांतही आढळतो. गुढी घेतलेली मुलगी तुमच्यापासून 2 मीटरवर आहे आणि तिच्यामागे 50 मीटरवर गणेश मंदिर, असं समजा. म्हणजे देऊळ तुमच्यापासून 52 मीटर. आता मागे सरका, मुलगी 10 मीटरवर आणि देऊळ 60 मीटरवर येईल. मुलगी पहिल्याइतकीच मोठी दिसेल इतका झूम करा. देऊळ आता आधीच्या चौपटीहून मोठं दिसेल. श्रेय लेन्सला जातं, पण हे काम त्या 8 मीटरांचं आहे. खात्री हवी असेल तर मागच्या जागेवरूनच साध्या लेन्सने फोटो घ्या आणि तेवढाच भाग कापून पाहा. फोटो जरा भुरकट होईल, पण मुलगी आणि देऊळ यांचं प्रमाण तेच राहील. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या डोक्यावर मागचे टॉवर चढून बसलेले दिसतात, ते याच कारणाने: फोटो काढणारा पक्ष्यांपासून बराच लांब असतो. त्यामुळे मागचं मोठं-लहान करायचं असेल, तर बोटाने झूम करत बसण्याआधी पाय हलवावेत.

कापणं म्हणजे लबाडी, असंही काही जण मानतात. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ फोटो न कापण्याबद्दल प्रसिद्ध होते. डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा 1932 चा गाजलेला फोटो मात्र कापलेलाच आहे.

‘रेषा नजरेला ओढून नेतात.’
रस्ता, कठडा, रेल्वेचे रूळ यांनी फोटोला खोली येते, हे खरं. पण डोळा त्या रेषेवरून सरकत जात नाही, उड्या मारतो. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्र पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. नजर पुन्हा पुन्हा चेहऱ्यांकडे जात होती आणि चित्राबद्दल वेगळा प्रश्न विचारला की तिचा मार्ग बदलत होता. हे काम इंग्रजीत 1967 मध्ये आलं. तेव्हा रूळ कितीही सुंदर असोत, कडेला पाहुण्याचा अर्धा चेहरा आला असेल तर बघणारा आधी तोच बघेल.

देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला आली, म्हणून आपल्याकडे रुळांच्या फोटोचं प्रेम जरा जास्तच. पण त्यासाठी रुळांवर उतरू नका. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.