पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी सॉफ्टबॉलचं मैदान म्हणजे बहुधा फक्कीने आखलेल्या रेषा. कुंपण नसतं, कडेला झाडं, सायकली, बघणारी मुलं. म्हणून पंच सामन्याआधीच दोन्ही प्रशिक्षकांना होमप्लेटजवळ बोलावतात. चेंडू झाडात अडकला, गर्दीत शिरला, तर धावणारीला किती बेस द्यायचे, हे तिथे ठरतं. आपण संघ घेऊन आला असाल तर शंका तिथेच विचारा. पुष्कळ भांडणं तिथेच टळतात.

आता एक प्रसंग घेऊ. एक खेळाडू आऊट आहे, पहिल्या बेसवर धावणारी उभी आहे. बॅटरचा तिसरा स्ट्राइक होतो, पण कॅचरच्या हातून चेंडू निसटतो. बॅटर पहिल्या बेसकडे पळते आणि पंच तिला सेफ देतात.

क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या सरांनी आधी धावपळ थांबू द्यायची. चेंडू खेळात असताना ‘टाइम’ मिळत नाही. तो मिळाला की एकट्यानेच जायचं, आणि ज्या पंचाने निर्णय दिला त्याच्याशीच बोलायचं.

चांगला पंच मध्येच तोडत नाही. ऐकून घेतो आणि विचारतो, “सर, माझ्या नजरेवर हरकत आहे की नियमावर?”

सगळं या प्रश्नावर अवलंबून आहे. बॉल की स्ट्राइक, आऊट की सेफ, हे नजरेचे निर्णय. दोन बेसमधलं अंतर १८.२९ मीटर, म्हणजे ६० फूट. निर्णय क्षणात द्यावा लागतो. त्यावर अधिकृत हरकत, म्हणजे प्रोटेस्ट, चालत नाही. पंचाला नीट दिसलं नसेल तर सहकाऱ्याला विचारण्याची विनंती करता येते. सहकारी आपणहून तो निर्णय फिरवत नाही.

आपल्या प्रसंगात मात्र नियम चुकला आहे. पहिला बेस भरलेला आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील, तर चेंडू सुटला तरी बॅटर आऊटच. नाहीतर कॅचर मुद्दाम चेंडू टाकून एकाच खेळीत दोघींना बाद करेल. दोन आऊट असते, तर ती पळू शकली असती. तेव्हा सरांनी “असं कसं दिलंत?” म्हणण्याऐवजी “पहिला बेस भरलेला होता, आऊट एकच होता,” एवढंच सांगावं.

मग पंच बाजूला जाऊन आपसात बोलतात. चूक दिसली तर निर्णय बदलून दोन्ही प्रशिक्षकांना कारण सांगतात. यात पंचाचा कमीपणा नाही. उलट त्याच्यावरचा विश्वास वाढतो.

पंच ठाम राहिले आणि सरांनी प्रोटेस्ट केला, तर मुख्य पंच ते समोरच्या प्रशिक्षकाला आणि गुणलेखकाला कळवतात. डाव, धावा, आऊट, कोणत्या बेसवर कोण, हे लिहून घेतलं जातं. प्रोटेस्ट मान्य झाला, तर निर्णय दुरुस्त करून सामना तिथूनच पुढे खेळवतात.

बहुतेक जण चुकतात ते वेळेत. प्रशिक्षक बाकावर नियमपुस्तिका चाळत राहतात, तोवर पिचर पुढचा चेंडू टाकते आणि प्रोटेस्टचा हक्क जातो. वाद सामन्याच्या शेवटच्या खेळीवर असेल, तर पंच मैदानाबाहेर पडायच्या आत त्यांना गाठावं लागतं.