जयपूरच्या पायाची कैफियत

जयपूरच्या परकोटाबाहेरच्या ज्या आदर्श नगरात फाळणीनंतर आलेल्या निर्वासित कुटुंबांनी आपले मोडलेले संसार पुन्हा उभे केले, तेथून थोड्याच अंतरावर सवाई मानसिंह रुग्णालय आहे. आणि या रुग्णालयात 1968 साली आकारास आलेला कृत्रिम पाय पुढे ‘जयपूर फूट’ या नावाने देशोदेशी गेला, हे आपल्याकडे भरणाऱ्या पाय बसवण्याच्या शिबिरांमुळे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतही ठाऊक झालेले आहे. तथापि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे तारा, पडदे आणि लुकलुकणारे दिवे उभे राहतात, आणि हा पाय मात्र भूतदयेच्या व हस्तकौशल्याच्या दफ्तरी जमा होतो. ही वर्गवारी अन्यायाची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या मुळाशी वीज, नियंत्रण आणि शरीर या तिहींविषयीचे काही दृढमूल गैरसमज आहेत.

हा पाय एकट्या डॉक्टरने शोधला, असे पुष्कळांना वाटते. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो सर्वथा यथार्थ होता. परंतु ज्यांच्या हातांनी हा पाय प्रत्यक्ष घडला ते रामचंद्र शर्मा, म्हणजे सर्वांचे ‘मास्टरजी’, हे शालेय शिक्षण बेताचेच लाभलेले कसबी कारागीर होते. पाश्चात्त्य धर्तीचा त्या काळचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठीच योजलेला असे व त्याचा घोटा वळत नसे; त्यामुळे ज्याला उकिडवे बसावे लागते, जेवायला मांडी घालावी लागते, देवळात अनवाणी जावे लागते आणि पावसाळ्यात चिखलात उतरून काम करावे लागते, अशा माणसाला तो मिळाला तरी लवकरच कोपऱ्यात पडे. या दोघांनी टाचेला व चवड्याला मऊ स्पंजासारख्या रबराचे ठोकळे दिले, घोट्याशी लाकूड ठेवले, टायरमधल्या दोऱ्यांनी ते बांधले आणि वरून रबराचे आवरण चढवून सगळा ऐवज साच्यात उष्णतेने एकजीव केला. पाऊल सर्व दिशांना थोडेथोडे वळू लागले आणि उंचसखल जमिनीवर टेकू लागले. कोणत्या दिशेला किती लवचीकपणा द्यावा व किती ताठरपणा राखावा, याचा असा निर्णय हाच अभियांत्रिकीचा गाभा होय. तो कागदावर झाला की भट्टीपाशी, याने त्याची जात बदलत नाही.

मग यात ‘नियंत्रण’ कोठे आहे, असा प्रश्न येतो. नियंत्रण म्हणजे बटण, रेग्युलेटर किंवा संगणक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पंख्याचा रेग्युलेटर तीनवर ठेवला म्हणजे पंखा तीनच्या बेताने फिरतो खरा, पण खोली थंड झाली की नाही याची वार्ता त्याच्याकडे कधीच परत येत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हा केवळ एकतर्फी हुकूम आहे. कपड्यांच्या इस्त्रीत मात्र तळ तापला की धातूची दुपदरी पट्टी वाकून प्रवाह तोडते आणि तो निवला की पुन्हा जोडते. परिणामाची वार्ता कारणापर्यंत परत पोहोचणे, यालाच प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात. त्याला विजेचीही आवश्यकता नाही. पाणी भरताच घराच्या टाकीतला तरंगता गोळा नळ बंद करतो, आणि जेम्स वॅटने 1788 साली वाफेच्या इंजिनावर बसवलेले फिरते गोळे हेच कार्य करीत, आणि अशाच यंत्रांचे गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडले.

जयपूर फूट वापरणाऱ्याच्या बाबतीत ही परतीची वाट त्याच्या स्वतःच्या देहातून जाते. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो तिचा दाब त्याच्या त्वचेला कळतो, मांडीच्या स्नायूंना ताण कळतो, कानाच्या आतल्या इंद्रियाला तोल कळतो, आणि मेंदू पुढच्या पावलाचा बंदोबस्त करतो. 1981 साली एका अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन याच पायावर भरतनाट्याला परतल्या, ते रबराच्या गुणाइतकेच या पुनःपुन्हा तालीम घेतलेल्या मज्जासंस्थेच्या बळावर. पाय बसवला की काम संपले, हा समज म्हणूनच घातक आहे.

देहाच्या या आतल्या दळणवळणात मात्र वीज आहेच, आणि तिच्याविषयीही भय व भ्रम पुष्कळ. ईसीजी काढताना शरीरात वीज सोडतात, अशी धास्ती घेऊन आलेली वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. वस्तुतः ते यंत्र केवळ ऐकते: हृदयाने स्वतः निर्माण केलेला, त्वचेवर सुमारे एक मिलिव्होल्ट उरलेला भेद टिपते. हे साध्य करणाऱ्या आइन्थोव्हेनला 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. चित्रपटांनी रुजवलेली दुसरी कल्पना अशी की, पूर्ण थांबलेले हृदय झटका देऊन सुरू करतात. झटका देतात तो हृदय विस्कळितपणे थरथरत असताना, सगळे स्नायुतंतू एकदम शांत व्हावेत आणि हृदयातल्या नैसर्गिक ताल देणाऱ्या केंद्राला पुन्हा सूत्रे घेता यावीत म्हणून. रेषा सपाट झाली असेल तर त्याचा इलाज झटका नाही.

व्होल्ट मारतात की अँपिअर, हा वादही असाच अर्धवट. घरातल्या 230 व्होल्टला ओल्या देहाचा रोध सुमारे हजार ओहम मिळाला तर 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहील, आणि शंभराच्या आसपासचा प्रवाहही हृदयाचा ताल मोडण्यास पुरेसा असतो. दाब आणि रोध मिळूनच प्रवाह ठरवतात. रबरी चप्पल, किंवा रबरी पाय, घातला म्हणून निर्धास्त होणाऱ्याने लक्षात ठेवावे की दुसरा हात नळाला लागला असेल तर वीज पायाची वाट पाहत नाही.

शेवटी एक विनंती. उरलेला पाय काही महिन्यांत आक्रसतो, खोबणी सैल होते, टोचू लागते, आणि कित्येक घरांत जयपूर फूट माळ्यावर जाऊन पडतो. दोष पायाचा समजला जातो. आपल्या घरी असे कोणी असेल तर त्यांना घेऊन जवळच्या केंद्रात जा आणि खोबणी नव्याने करून घ्या. 1975 साली जयपुरात स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय विनामूल्य बसवते.